आत्याबद्दल काही सांगा

सोमवार, ४ तारीख

पोचलो एकदाचे! बसमधून उतरताना आत्यानं ड्रायव्हरला गाडी छान चालवल्याबद्दल शाबासकी दिली आणि लगेच, वळणावर ब्रेक उशिरा मारतोस म्हणून दोन शब्द सुनावलेही. तो बिचारा हसला. सामान म्हणजे दोन बॅगा, तिची उशी आणि तिचा रेडिओ. रेडिओ ती पूर्ण प्रवासभर मांडीवर घेऊन बसली होती.

घर पाहताक्षणी मला आवडलं. बैठं, पिवळसर रंगाचं, मोठ्या खिडक्यांचं. पॅसेजमध्ये दोन्ही भिंतींना धरायला लाकडी कठडा आहे, कुठेही उंबरठा नाही, न्हाणीघरात पाय घसरणार नाही अशी खरखरीत फरशी. आणि मुख्य म्हणजे फिनेलचा वास नाही. आधी पाहिलेल्या पहिल्या वृद्धाश्रमात फिनेलनं आमचे डोळे चुरचुरले होते. दुसऱ्यात टीव्ही ठणाणा चालू आणि त्याच्यासमोर सगळे गाढ झोपलेले. तिसऱ्यातल्या साहेबांनी अर्धा तास बाग दाखवली, आणि आता खोल्या दाखवा म्हटलं तर घड्याळाकडे बघायला लागले. आत्या तिथून निघताना म्हणाली होती की बागेतच झोपायचं असतं तर मी झाड झाले असते.

ती जिन्यात पडली तेव्हापासून हा शोध चालू आहे. आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, मी दिवसभर चष्म्याच्या दुकानात. दुकानात समोरच्याच्या डोळ्यांवर भिंग धरलेलं असायचं आणि माझा जीव घरी टांगणीला. आई-बाबा गेल्यावर मला आणि धाकट्या भावाला वाढवलं ते हिनं. लग्न केलं नाही, जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून परक्या लोकांना एकमेकांशी जोडून दिलं. म्हणून ठरलंय ते असं की तिला आवडलं तरच. तिनं नाही म्हटलं तर त्याच बसनं परत, मग मी नोकरी सोडेन नाहीतर जिना पाडेन, ते माझं मी बघेन.

इथली पद्धत वेगळी आहे. नातेवाइकानं आठवडाभर सोबत राहायचं, त्यासाठी शेजारची खोली देतात. फॉर्मबिर्म काही भरून घेत नाहीत. त्याऐवजी रोज दुपारी चहा झाला की ओळखीची बैठक. दिवाणखान्यात खिडकीपाशी एक वेताची खुर्ची आहे, तिच्यावर नातेवाइकानं बसायचं, समोर कामाची सगळी माणसं बसतात, आणि आपण आपल्या माणसाबद्दल सांगायचं. आजार नाही, औषधं नाही. माणूस कसा आहे ते. इथलं सगळं बघतात त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणतात. त्या म्हणाल्या की कागदावर माणूस कळत नाही, सवयींतून कळतो. मला एकदम पटलं. इतकं शहाणपणाचं बोलणारं माणूस या धंद्यात पहिल्यांदाच भेटलं.

आणि सांगायला मला काय, नळ सोडायचाच अवकाश. मी आज सांगितलं की आत्या चहात करंगळी बुडवून बघितल्याशिवाय घोट घेत नाही, मग समोर कोणीही बसलेलं असो. आणि 'थांब जरा' असं ती कधीच म्हणत नाही, 'लाइनवर राहा' म्हणते. दूधवाल्यालाही. सगळे खळखळून हसले. त्यात आत्याला सांभाळणार आहेत त्या उंच ताई तर डोळे पुसत हसल्या. आत्या कोपऱ्यात बसून ऐकत होती, तिलाही मान मिळाल्यासारखं वाटलं असणार.

कामाची माणसं एकेक वल्ली आहेत. माळीबुवा आपल्या बुटांशी बोलतात, कपडे धुणारी बाई दर वाक्याआधी दोनदा खाकरते. म्हातारी मंडळी मात्र अगदी शांत. उन्हात ओळीनं बसलेली, कुणाची तक्रार नाही. आत्या माझ्या कानात म्हणाली की हेडमास्तर वर्गात आल्यासारखे का बसलेत गं सगळे. मी तिला गप्प केलं.


मंगळवार, ५ तारीख

आत्याची जीभ भाजली. सकाळचा चहा आला तो तिनं सरळ तोंडालाच लावला. मी ओरडेपर्यंत घोट घेऊन झालाही होता. इतक्या वर्षांत असं कधी झालं नाही. नवी जागा, नवे कप, लक्ष नसेल. थंड पाणी दिलं, जिभेवर साखर ठेवली.

उंच ताई फार मनापासून काम करतात. दुपारी त्यांनी स्वतःच्या कपात करंगळी बुडवली आणि मगच घोट घेतला. मला इतकं हसू आलं आणि बरंही वाटलं, की कालचं एवढं लक्षात ठेवलं बाईनं. इतर ठिकाणी नावसुद्धा धड घेत नव्हते.

आज बैठकीत रेडिओचं सांगितलं. बातम्या लागल्या की आत्या निवेदकाशी भांडते, त्याचे उच्चार सुधारते, खोटं बोलतोयस म्हणून त्याला फटकारते, आणि शेवटी बातम्या संपल्यावर सभ्यपणे त्याला नमस्कारही करते. शिवाय ताटलीचा टवका उडालेला भाग ती कायम पाहुण्यापासून लांब, आपल्याकडे फिरवून घेते. हे सांगताना मला थोडं भरून आलं. मोठ्या बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या की आत्याबद्दल अजून काही सांगा. मग मी तिच्या हसण्याचं सांगितलं. आधी आवाजच नाही, नुसते खांदे हलतात, मग एक उचकी, आणि मग तो फुटका भोंगा वाजावा तसा आवाज. लहानपणी तो आवाज आला की मी आणि भाऊ हातातलं टाकून धावायचो. घरात तेव्हा हसण्यासारखं फार काही नसायचं, म्हणून.


बुधवार, ६ तारीख

संध्याकाळच्या बातम्या आत्यानं गप्प बसून ऐकल्या. निवेदकानं एका शब्दाची पार वाट लावली. मी मुद्दाम तिच्याकडे बघत राहिले. ती भिंतीकडे बघत होती. मी विचारलं, बरं वाटत नाही का, तर म्हणाली छान आहे की. नंतर चष्मा शोधायला उठली आणि मला म्हणाली, थांब जरा.

थांब जरा!

भावाला फोन केला. तो दूर असतो, त्याला तिथून सगळं सोपं दिसतं. म्हणाला की ती शांत झाली म्हणजे रुळली, तुला कसलाच आनंद सोसत नाही. खरं तर मलाही काल रात्री शांत झोप लागली होती. दर थोड्या वेळानं उठून दाराची कडी लावलीस का विचारणारं कुणी नव्हतं. हे लिहितानाही लाज वाटते, कारण कडीचं मी काल संध्याकाळी गप्पांच्या ओघात उंच ताईंना सांगितलं होतं, आणि आज पहाटेपासून त्या स्वतःच पॅसेजमधल्या सगळ्या कड्या तपासत फिरत होत्या.

बैठकीत आज मी थोडंच बोलले. शिवणाच्या सुईत दोरा ओवताना ती जीभ बाहेर काढते, एवढंच.


गुरुवार, ७ तारीख

सकाळी अंघोळ करून बाहेर आले तर स्वयंपाकघरातून आत्याचं हसणं आलं. आधी उचकी, मग तो भोंगा. इतका आनंद झाला मला की ओल्या केसांनी पळत गेले. मनात म्हटलं, आली बाई ताळ्यावर.

ओट्यापाशी आत्या नव्हती. स्वयंपाकीणबाई पाव कापता कापता हसत होत्या. खांदे तसेच. माझ्याकडे वळल्या तरी हसणं थांबेना, डोळे मात्र माझ्याकडेच. मी दाराला धरून उभी राहिले. काळजात धस्स झालं म्हणतात ते इतकी वर्षं मी उगाच वापरत होते.

आत्या आपल्या खोलीत बसली होती. मी तिला जुना, हमखास हसवणारा किस्सा सांगितला, साहेबांची लाइन चुकून त्यांच्याच बायकोला जोडली होती तो. तिनं ऐकून घेतला. मग म्हणाली की असं झालं होय.

मग मी दिवसभर बघत बसले. दुकानात माणसाच्या तोंडाकडे बारकाईनं बघायची मला सवय आहे. उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांपैकी कुणी बोटं मोडत नाही, कुणी गुणगुणत नाही, कुणी पाय हलवत नाही, कुणी कुणाला टोचून बोलत नाही. अन्न पुढे आलं की खातात. आणि कामाची माणसं! एक नाक चोळते, एक अंगणातल्या पायरीवर पाय ठेवताना देवाला नाही तर स्वतःलाच शिव्या घालते, माळीबुवा बुटांशी बोलतात. ते बूट भिंतीकडे बघत बसलेल्या एका आजोबांचे असणार. बूट नाही, बुटांशी ते बोलणं.

मी सरळ मोठ्या बाईंच्या खोलीत गेले आणि तोंडाला येईल ते बोलले. त्या चिडल्या नाहीत. नाकारलंही नाही. त्यांनी मला बसवलं, आणि म्हणाल्या की म्हातारपणी माणसाला छळतात त्या याच गोष्टी, सवयी, खोडी, ते हट्ट. त्या उतरल्या की माणूस हलकं होतं, भांडत नाही, खूप जगतं. आणि आम्ही काही टाकून देत नाही, जपून वापरतो. मी म्हटलं, परत करा. त्या म्हणाल्या की सांगितलेलं परत कसं घेणार. मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या की तुम्ही फार छान सांगता, इतक्या मायेनं इथे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून तर इतकं पटकन आलं.

मी उलटी केली. त्यांच्या बेसिनमध्ये.


शुक्रवार, ८ तारीख

बॅगा भरल्या. कुणी अडवलं नाही. दार उघडं, फाटक उघडं, समोर बस उभी. आत्याला म्हटलं चल, आपण घरी जातोय. तिनं विचारलं, का? गादी चांगली आहे, जेवण वेळेवर आहे. मी ओढलं तर दोन पावलं आली, सोडलं तर तिथेच उभी राहिली. बस गेली. ड्रायव्हर सोमवारचाच होता, त्यानं हात हलवला. तिनं त्याच्याकडे पाहिलंही नाही.

ठरलं होतं ना, तिला आवडलं तरच. मी परत परत विचारलं. आवडलं, म्हणाली. आपलं घर आवडतं का? तेही चांगलं होतं. मी हात टेकले.

दुपारभर तिला तिचंच शिकवत बसले. म्हटलं, चहात करंगळी बुडव. तिनं बुडवली, परक्याच्या घरी सांगतील तसं करावं तशी. मग बोट कुठे पुसायचं ते मला विचारलं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. तिनं माझ्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाली, उगी, कटकटे.

कटकटे! हे मी सांगितलेलं नाही. हे एकच राहिलंय. शाळेत असताना मी दिवसभर तिच्यामागे भुणभुण लावायचे म्हणून तिनं मला ठेवलेलं नाव, भावालाही ते घेऊ द्यायची नाही. कुणीही विचारलं तरी मी मरेपर्यंत सांगणार नाही. जोवर ती मला कटकटे म्हणते तोवर ती आहे.

बैठकीला गेले नाही. उंच ताई बोलवायला आल्या, तर दार लावून घेतलं. त्या बाहेरून गोड आवाजात म्हणाल्या, बरं, लाइनवर राहा.


शनिवार, ९ तारीख

चूक झाली. मला वाटलं मी गेले नाही की झालं. मी गेले नाही म्हणजे खुर्ची रिकामी राहील.

दुपारी तोंड धुऊन आले तर आत्या खोलीत नाही. दिवाणखान्यातून हशा येत होता. दारातून पाहिलं. आत्या वेताच्या खुर्चीत बसली होती. समोर सगळे. मोठ्या बाई विचारत होत्या की भाचीबद्दल काही सांगा ना.

आणि आत्या सांगत होती. हातवारे करून! मान हलवून! गालांवर रंग आला होता. माझी भाची ना, म्हणत होती, दोरा कधी कात्रीनं कापणार नाही, दातानंच तोडेल. रागावली की आधी केस बांधेल आणि मगच भांडेल. प्रत्येक गोष्टीची टिंगल करते, सरणावरसुद्धा लाकडं ओली आहेत म्हणून टोमणा मारेल. आत्याला स्वतःचं काही आठवत नाही, पण माझं सगळं आठवतं. ते तिच्यापाशी तसंच्या तसं होतं.

मी आत जाऊन तिला उठवायला हवं होतं. केस बांधायला हात वर गेले आणि तिथेच राहिले. इतक्या दिवसांनी ती जिवंत दिसत होती. मला बघवत होतं तिच्याकडे. मी काही केलं नाही. दाराशी उभी राहून ऐकत राहिले, आणि मलाही खरंच खूप बरं वाटलं, कुणी आपल्याबद्दल इतकं —

मग तिनं मला पाहिलं. सगळ्यांसमोर हाक मारली. ये गं कटकटे.

संध्याकाळी ती मला ताई म्हणाली. उंच ताईंनी पॅसेजमधून मला पुकारलं, कटकटे, जेवायला चल.


रविवार

सूप होतं. पाव होता. सुपाबद्दल काहीतरी मजेशीर लिहायचं मनात होतं. बराच वेळ बसले. सूप गरम होतं.

माळीबुवांनी स्वयंपाकीणबाईंची काहीतरी टिंगल केली. सगळे हसले. मला ते बोलणं ओळखीचं वाटलं.

भावाचा फोन. म्हणाला, तुझा आवाज किती शांत झालाय, एरवी डोकं खातेस. मला त्याला सांगायचं होतं की — येऊ नकोस. इथे येऊन काही सांगू नकोस, कुणी कितीही गोड विचारलं तरी. त्याऐवजी मी म्हटलं की बरं आहे. तो म्हणाला की मोठ्या बाईंशी त्याचं बोलणं झालं, फार चांगल्या आहेत, त्यांनी त्याला राहायलाच बोलावलंय. येतो म्हणाला. तुम्हा दोघींबद्दल बोलायला.

राग यायला हवा. केस मोकळे आहेत. बांधायचे कसे ते —


सोमवार असेल

बॅगा दाराशी भरलेल्या आहेत. कुणाच्या ते क्षणभर कळलं नाही.

आता रोज दुपारी मीच जाते. तिच्या खुर्चीच्या पायाशी बसते. तेवढा वेळ ती आत्या असते. बोलते, हसत नाही, पण बोलते. नंतर चहाचा कप धरून भिंतीकडे बघते. मी पण बघते. भिंत पिवळी आहे.

पळायला पाहिजे. फाटक उघडं आहे. पण गेले तर ती कुणाबद्दल सांगणार.

आज मोठ्या बाई म्हणाल्या की आता थोडंच राहिलं असेल. आत्या काळजीत पडली. आठवून आठवून सांगत होती. मी तिला मदत केली. मीच —


नंतर

आज उशीर झाला. मी खोलीत आहे, ती आत जाऊन बसलीसुद्धा. दार उघडं आहे. तिचा आवाज येतोय. खुश आहे. एक राहिलंच होतं म्हणतेय, बरं झालं आठवलं.

म्हणतेय, काहीही होवो, आजारी असो, घरात कुणी गेलेलं असो, माझी भाची दिवसाकाठी एकदा वही घेऊन बसतेच — नाही आत्या — मी तिच्यासमोर जाऊन उभी राहायची, म्हणतेय, झोप आता म्हणायची, तर ही म्हणायची एवढी ओळ — आत्या नको, हे नको — पेन असं तिरकं धरते, अंगठा वर, आणि सगळे हसतायत, आणि म्हणतेय, लिहिताना ओठ हलतात तिचे, आणि ओळ संपत आली की